भट्टीवरचा एसी

२९ मार्च, दुपार

एसी बसला. माझ्या खोलीत, खिडकीच्या वर, जिथे आजवर नुसता एक खिळा होता.

वही कुलपात असते आणि किल्ली माझ्याकडे, तरी आधी लिहून ठेवलेलं बरं: हा एसी चैन नाही. औषध आहे. मला ल्युपस आहे. शरीराचे पहारेकरी चोराला सोडून घरच्याच माणसांना बडवतात, असा आजार. सांधे सुजतात, ताप येतो, ऊन आणि उकाडा अजिबात सोसत नाही. बाबांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, म्हणजे बाहेरचं कुणी नाही ना, घरातलंच भांडण आहे, मग मिटेल. आत्या म्हणाली, पोरगी एवढी शिकली आणि हिच्या रक्ताला आपलं-परकं कळेना.

उकाडा आमच्याकडे पिढीजात आहे. खाली बेकरी, वर घर, आणि माझी खोली नेमकी भट्टीच्या डोक्यावर. फरशी इतकी तापते की लहानपणी मी धुतलेले मोजे तिच्यावर वाळवायचे. एसीवाला चपला काढून आत आला, दोन पावलं चालला आणि परत जाऊन चपला घालून आला. म्हणाला, इथे एसी लावण्यापेक्षा खालची भट्टी विझवा. बाबांना विनोद कळला, पण आवडला नाही.

ठरवलं ते असं. तापमान चोवीस, ना कमी ना जास्त. दार बंद. वापर फक्त औषधापुरता. घरातले बाकीचे घामाने निथळत असताना मी एकटीने गारव्यात लोळणं बरोबर नाही. म्हणून गारवा घ्यायचा तो खुर्चीत बसून, पाठ ताठ ठेवून.

डॉक्टरबाईंनी नव्या गोळ्याही दिल्यात. योगायोगाने त्याही आजपासूनच. स्टेरॉइड की काय. मसुरीएवढी गोळी. त्या बराच वेळ काही सांगत होत्या, असं करा, तसं मुळीच करू नका. मी तेवढ्यात त्यांच्या भिंतीवरचा एसी किती टनाचा आहे ते वाचत होते. आई मान हलवत होती, म्हणजे तिने ऐकलं असणार. आकार बघता गोळीकडून फारशी अपेक्षा नाही. मदार एसीवर.

दोन मेला कचेरीत पुन्हा रुजू व्हायचं आहे. आमची कचेरी वजनं-मापं तपासते. दुकानदाराचा किलो खरंच किलो आहे ना, ते बघते. आमच्या घरात महिन्याचा पगार घेणारी मी पहिलीच, आणि नोकरी अजून पक्की नाही. आमच्या वरिष्ठ, म्हणजे मोठ्या बाई, फोनवर म्हणाल्या होत्या की दोन मेपर्यंत जागा धरून ठेवते, पुढचं माझ्या हातात नाही.

तोवर बरी होणार. ठरवलंय.

३१ मार्च, सकाळ

मूठ मिटली. पूर्ण.

गेले कित्येक महिने सकाळी माझी बटणं आई लावायची. आज मी माझी लावली. हात थांबेनात म्हणून बाबांच्या शर्टाचीही लावली. त्यांच्या अंगावरच होता तो. गळ्याचंसुद्धा लावलं. ते म्हणाले, पुरे.

दोन दिवसांचा एसी आणि हा परिणाम. डॉक्टरबाई एवढी वर्षं गोळ्या का देत बसल्या, कळत नाही. चांगल्या बाई आहेत, पण विज्ञान पुढे जातं आणि माणूस मागे राहतो.

३ एप्रिल

अंगात इतकी ताकद आहे की कुठे ठेवू कळत नाही.

काल केकचे जुने साचे काढून त्यांचा गंज खरवडला. संपले म्हणून शेजारच्या दुकानाच्या शटरचा खरवडला. आज दुकानातली फळी लावून दिली. आत्या गल्ल्यावर बसते आणि तिने बिस्किटांच्या बरण्या खपाप्रमाणे लावल्या होत्या, ज्याला काही शास्त्रीय आधार नाही. मी त्या वजनाप्रमाणे लावल्या, हलकी डावीकडे, जड उजवीकडे. आत्या दुपारभर गिऱ्हाइकांना सांगत होती, थांबा हं, तुमच्या बिस्किटाचं वजन काय ते आमच्या पोरीला विचारून येते.

वैज्ञानिक स्वभावामुळे खोलीत दोन थर्मामीटर टांगलेत. रिमोट म्हणतो चोवीस. खिडकीकडचा म्हणतो सत्तावीस, दाराकडचा एकोणतीस. खालून भट्टी ढकलते आणि वरून एसी. मधल्या रेषेत माझी खुर्ची. तिथे बसलं की डोक्याला सुखद वाटतं आणि पायांना तळल्यासारखं. पाय पाटावर ठेवून प्रश्न सोडवला.

संकल्प: पोहायला शिकणं. गणिताची पदवी बाहेरून. बेकरीचा हिशेब कॉम्प्युटरवर आणणं. टायपिंगचा वेग वाढवणं. हे सगळं दोन मेच्या आत, कारण पुढे नोकरीत वेळ मिळणार नाही.

आई म्हणाली, जरा हळू बोलत जा, मिक्सर लावल्यासारखं वाटतं.

६ एप्रिल, सकाळी

दादाने आज वर येऊन दार वाजवलं. हे नवीनच. आजवर तो दार न वाजवता येऊन माझं पेन घेऊन जायचा.

म्हणणं असं: पफच्या पिठात लोणी घालून घड्यांवर घड्या घालतात, त्यानेच भाजल्यावर पदर सुटतात. पण उन्हाळ्यात खाली लोणी पिठातच वितळतं आणि पदरांऐवजी पुठ्ठा होतो. म्हणून दर उन्हाळ्यात आमचे पफ बंद. तर एक ट्रे, फक्त एक, तासभर माझ्या खोलीत ठेवता येईल का.

आधी मी नाही म्हणाले. औषधाच्या खोलीत मैदा शिरला की ती कोठी होते. मग विचार केला. एकटीने गारवा खाण्याचा जो सल मनाला आहे, तो यामुळे थोडा कमी होईल. मी एकटी बसत नाही, पीठही बसतं.

परवानगी दिली. पण अटी घातल्या, आणि ठणकावून घातल्या: एकच ट्रे, टेबलाखाली, पलंगावर मुळीच नाही, आणि रिमोटला पिठाचा हात लावायचा नाही. दादा सगळ्याला हो म्हणाला. त्याच्यावर माझा असा धाक पूर्वी नव्हता. एसीने माझ्या आवाजातही फरक पडलाय.

८ एप्रिल

ट्रे चार. दोन टेबलाखाली, दोन टेबलावर. अट टेबलाखालची होती, पण टेबलावरच्या ट्रेबद्दल मी आधी काही बोललेच नव्हते. चूक माझी. यापुढे अटी नीट शब्दांत.

पफ उत्तम झाले. गिऱ्हाइकं परत परत येतायत. बाबा पहिल्यांदाच म्हणाले की एसी घेतला ते बरंच झालं. मला भरून आलं. आमच्या घरात जी गोष्ट कमावते तिलाच जागा मिळते. आता मी नुसती आजारी मुलगी नाही. मी एक विभाग आहे.

भूक वाढली आहे. डॉक्टरबाई मागे म्हणायच्या की भूक लागणं हे चांगलं लक्षण. मग माझी लक्षणं फारच चांगली आहेत. नाश्ता झाल्यावर नाश्ता होतो. दुकानातला चांगला माल खाणं मला पटत नाही, म्हणून फक्त तुटलेली बिस्किटं खायची असा नियम केलाय.

१० एप्रिल

आज बरीच बिस्किटं तुटली. मी हातात घेतली की तुटतात.

१३ एप्रिल

ट्रे पलंगावर. दादाचं म्हणणं की मी तर खुर्चीत बसते, पाठ ताठ ठेवून, हे माझंच तत्त्व. मग दिवसा पलंग रिकामा ठेवणं म्हणजे जागेची नासाडी. मी स्वतःच उशी उचलून जागा करून दिली. तत्त्वाचं माणूस असलं की असं होतं.

आत्या ट्रेंवर लक्ष ठेवायला म्हणून दुपारी वर येते. पलंगाच्या उरलेल्या कोपऱ्यात अंग टाकते आणि लक्ष ठेवता ठेवता घोरते. जागी झाली की म्हणते, तुझ्या खोलीत आता माणूस राहतं का मैदा, हेच कळत नाही बाई. आणि चहा मागते.

१५ एप्रिल

एक गंभीर गोष्ट. रिमोट अठरावर होता.

घरातल्या सगळ्यांना बोलावून विचारणा केली. बाबांना मुळात रिमोट कुठे असतो तेच माहीत नव्हतं. आई म्हणाली, तिचा हात लागला असेल, पुसताना. सहा वेळा लागला का, असं मी विचारलं. दादाने छताकडे बघितलं. रिमोटवर मैद्याचा अंगठा स्पष्ट उमटला होता. ठसा घेण्याइतका.

दादाचं म्हणणं, पिठाला अठरा लागतं. माझं म्हणणं, मला चोवीस लागतं. फार गारठ्यात माझी बोटं आधी पांढरी पडतात, मग निळी. बाबा मध्ये पडले आणि म्हणाले, अधलंमधलं काढा, एकवीस. पिठाला एकवीस चालत नाही. मला एकवीस सोसत नाही. दोघांचंही होणार नाही असा हा न्याय. शेवटी मीच मोठेपणा दाखवला. सकाळी अठरा, पण मी आत असताना स्वेटर घालेन.

म्हणजे आता उकाड्याचा आजार असलेली मी, भर उन्हाळ्यात, स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून बसते, पाय गरम फरशीवर. पाट काढून टाकला. भट्टीचा असाही उपयोग होईल हे कुणाला सुचलं असतं. मला सुचलं.

१८ एप्रिल, दुपार

आरशात पाहिलं. चेहरा भरलाय. नुसता भरला नाही, गोल झाला आहे. गाल वर आलेत आणि डोळे त्यांच्यामागून बघतात. दुकानात सगळे म्हणतात, काय तब्येत सुधारली. आत्या म्हणाली, पाव फुगावा तशी फुगली गं, आणि तेही गारठ्यात. हे ती कौतुकाने म्हणाली, असं मी धरलंय.

दुपारी एक पफ हातातून पडला आणि मला रडू आलं. पडलेल्या पफसाठी बरंच रडले. मग त्याच पफकडे बघून हसू आलं. तेही बरंच. आईने कपाळाला हात लावला. मी सांगितलं, एसीची सवय नसलेल्या माणसाच्या भावना सुरुवातीला अशा मोकळ्या होतात. ती म्हणाली, असं डॉक्टर म्हणाले का. मी म्हणाले, डॉक्टरांना एवढा खोलवर अनुभव नाही.

संकल्पांचा आढावा: पोहण्याच्या तलावाची चौकशी केली. तो उघड्यावर, उन्हात आहे. बाकी सर्व मार्गी लागेल.

२२ एप्रिल

मोठ्या बाईंचा फोन आला. मी ट्रेंच्या मधोमध उभी होते, हातमोजे घालून, त्यामुळे फोन उचलायलाच वेळ लागला.

त्यांनी विचारलं, कशी आहेस. मी सांगितलं, एकदम ठणठणीत, मूठ मिटते, जिना धावत चढते, शटरचा गंज काढते. इतकं बोलले की त्या मध्ये शिरायला वाट बघत होत्या. मग त्यांनी विचारलं,

“बरं, आता औषधं वगैरे काही चालू नाहीत ना?”

त्यांचा आवाज असा होता की उत्तर ‘नाही’ आलं तर त्यांना सोपं जाईल. माणसाला सोपं करून द्यायची मला लहानपणापासून सवय.

“नाही,” मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, छान, मग दोन तारखेला ये. फोन ठेवला.

 मी खोटं बोलले. खोट्या वजनासाठी दुकानदारांना दंड करणाऱ्या कचेरीत मी एक खोटा शब्द ठेवून आत शिरणार. जेवण गेलं नाही. म्हणजे दोनच वेळा जेवले.

२३ एप्रिल, सकाळ

रात्रभर विचार करून उत्तर सापडलं, आणि ते इतकं सोपं आहे की स्वतःचं कौतुक वाटतं.

परत फोन करून ‘मी खोटं बोलले’ सांगणं हा एक मार्ग. त्याने मोठ्या बाईंना त्रास, मला त्रास, नोकरी धोक्यात. दुसरा मार्ग: जे बोलले ते खरं करणं. औषधं चालू नाहीत असं म्हणाले ना? मग चालू ठेवायची नाहीत. आजपासून गोळी बंद. एक रात्र खोटं राहिलं, आता ते खरं झालं. वजन थोडं कमी भरलं तर आपण वर चिमूटभर टाकतोच की.

शिवाय शास्त्र माझ्या बाजूने आहे. मला बरं कशाने वाटतंय? एसीने. मसुरीएवढ्या गोळीने शटरचा गंज निघत नाही.

आई रोज सकाळी गोळी आणि दूध घेऊन जिना चढते. तिला सांगितलं, तुझे गुडघे दुखतात, आजपासून माझी मी घेईन. ती कौतुकाने बघत राहिली. म्हणाली, आता खरी मोठी झालीस. मी मोजा शोधायला वाकले आणि वाकलेलीच राहिले, ती जाईपर्यंत.

२४ एप्रिल

गोळीशिवाय पहिला दिवस गेला. काहीही फरक नाही. सिद्ध झालं.

२५ एप्रिल

किंचित फरक. पण आज ढगाळ आहे.

साचे घासायला घेतले आणि एक घासून ठेवून दिला. सगळे एका दिवसात घासणं हे तसं योग्यही नाही. दुसऱ्यांना काम राहत नाही.

२६ एप्रिल

सकाळी बटणं लागली नाहीत. टी-शर्ट घातला. उन्हाळ्यात टी-शर्टच बरा.

भूक कमी झाली. बिस्किटं तुटत नाहीत. म्हणजे मी संयम कमावला आहे.

एसी नीट चालत नसावा. फिल्टर धुवायला हवा. फिल्टर काढण्यासाठी स्टुलावर चढायला हवं. उद्या.

२७ एप्रिल

एसीत नक्की बिघाड आहे. सांधे गरम, अंग थंडगार, डोकं रिकामं. एसीवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, गार हवा येते का. येते. आवाज करतो का. नाही. पाणी गळतं का. नाही. मग बिघाड काय आहे, बाई? मी म्हणाले, पूर्वीसारखा गुण येत नाही. त्याने एसीचं मॉडेल विचारून घेतलं. मग म्हणाला, गॅस भरून बघू, सोमवारी येतो.

दादाने दारातून विचारलं, चेहरा असा का उतरलाय. मी सांगितलं, उतरलेला नाही, मूळ जागी येतोय. तो ट्रे न घेताच उभा राहिला. मग म्हणाला, रिमोट पंचवीसवर ठेवतो, पफ राहू देत आज. मी ओरडले की पफ राहता कामा नये, माझा विभाग बंद पडता कामा नये. ओरडले असं मला वाटलं. तो म्हणाला, काय पुटपुटतेस.

२८ एप्रिल

रिमोट पलंगावर. मी खुर्चीत. अंतर एका हाताचं. हात जात नाही.

अक्षर वाईट येतंय. टेबल हलतं बहुतेक.

३० एप्रिल, दवाखान्यातून घरी आल्यावर

काय झालं ते क्रमाने लिहिते. आईने उशी मांडीवर ठेवून त्यावर वही ठेवून दिली आहे आणि ती समोरच बसली आहे. तिला वाचायचं नाही, असं तिने आधीच सांगितलं.

अठ्ठावीसला दुपारी आत्या ट्रेंवर लक्ष ठेवायला आली. मी खुर्चीत होते. ती रोजच्यासारखी काहीतरी बोलली आणि मी उत्तर दिलं नाही. आत्याला उत्तर न मिळणं आमच्या घरात घडत नाही. तिने वळून पाहिलं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. आत्या जिन्यावरून दादाला हाका मारत होती, त्याच्या लहानपणच्या नावाने. दादाने मला उचललं, त्याच्या हातांना पीठ होतं, माझ्या त्या दिवशीच्या टी-शर्टवर अजून त्याचे पंजे आहेत. बाबांनी भट्टी तशीच सोडली. अख्खी खेप जळाली म्हणतात. बाबांच्या हातून खेप जळलेली मी जन्मात पाहिली नव्हती, आणि पाहायची वेळ आली तेव्हा मी शुद्धीत नव्हते.

डॉक्टरबाईंनी आईला विचारलं, गोळ्या नियमित घेते ना. आई म्हणाली, हो, आता तर स्वतःची स्वतः घेते. तेव्हा मी डोळे मिटून घेतले, पण ते आधीच मिटलेले होते.

सांगितलं सगळं. मोठ्या बाईंचा फोन, खोटं, खरं करणं. डॉक्टरबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं ते असं: ती ताकद, ती भूक, ते रडणं-हसणं, तो गोल चेहरा आणि ती मिटणारी मूठ, सगळं त्या मसुरीचं काम. ही गोळी अंगाला सवय लावते. ती कमी करायची तर महिनोनमहिने, कणाकणाने, त्यांना विचारून. एकदम बंद केली तर शरीर उभंच राहू शकत नाही. हे त्यांनी पहिल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं.

मी विचारलं, एसीचा वाटा किती. टक्क्यांत.

त्या म्हणाल्या, एसी असू दे, उकाड्याने तुझं दुखणं वाढतं, त्याला तो आळा घालतो. पंचवीस-सव्वीसवर ठेव, वारा अंगावर घेऊ नकोस, गारठ्यात बोटं निळी करून घेऊ नकोस. पण तो बरा करत नाही. “पंखा पुसला म्हणून ताप उतरला, असं म्हणतेयस तू.”

टक्के नाही सांगितले.

मग आईने डॉक्टरबाईंना विचारलं, हिच्या जिवाला धोका होता का. त्या म्हणाल्या, होता.  आई परतीच्या रिक्षात माझा हात धरून होती. सुजलेला हात धरायचा नसतो, दुखतो, पण मी सांगितलं नाही.

१ मे

सगळे ट्रे खाली गेले. मी न सांगता. दादाने सकाळी एकट्याने नेले, पलंग झटकला, फरशी पुसली. दुकानाच्या दारावर पाटी लावलीये, पफ पावसाळ्यानंतर. मी म्हणाले, एक ट्रे ठेव ना, टेबलाखाली. तो नाही म्हणाला. ठणकावून नाही, साधंच. 

खोली फार मोठी वाटते. एसी पंचवीसवर. गोळी परत सुरू, पण ती शटरवाली ताकद काही आलेली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता आधी पडलेलं उभं करायचं आहे, गंज काढायचा नाही.

उद्या दोन मे. अजून फोन केलेला नाही. जाऊन उभी राहिले तर दिवस निघेल कदाचित. जिना उतरून पाहिला. अर्ध्यावर आत्या खुर्ची घेऊन बसली होती. म्हणाली, कुठे निघालीस, मी इथे वाऱ्याला बसलेय. आमच्या जिन्यात वारा कधीच येत नाही.

२ मे, दुपार

सकाळी फोन केला. कचेरी उघडायच्या वेळेला, म्हणजे मला रागावायला त्यांना पूर्ण दिवस मिळावा.

सांगितलं, आज येऊ शकत नाही. औषधं तेव्हाही चालू होती. मग मी ती बंद केली, म्हणजे बोललेलं खरं ठरावं. मग पडले. आता परत चालू आहेत आणि बराच काळ चालू राहणार आहेत.

मोठ्या बाईंनी समोरच्या कुणाला तरी बाहेर थांबायला सांगितलं.  

“अगं, मी कशासाठी विचारलं होतं, माहितीये का?” त्या म्हणाल्या. “टेबलाची एक जागा रिकामी होती. आतली, सावलीतली. आजारी माणसाला ती देता येते, धडधाकट माणसाला नाही. तू नाही म्हणालीस, म्हणून तुझं नाव मी बाजाराच्या फेरीवर घातलं. रोज दिवसभर उन्हात.”

मी विचारलं, आणि टेबल?

ते परवा दुसऱ्याला दिलं. जूनअखेर एक गृहस्थ निवृत्त होतायत, त्यांचं मिळेल. त्यासाठी वर लिहावं लागेल, मिळेल असं नक्की नाही, पण त्या लिहितील. तोवर घरी थांबायचं, बिनपगारी. आणि पुन्हा त्यांनी काही विचारलं तर त्यांना सोपं पडेल ते नाही, जे असेल ते सांगायचं.

मी हो म्हणाले. मग लगेच त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणणार होते की मी आता एकदम ठणठणीत आहे. तोंड उघडलंही होतं. आई समोर होती. मी म्हणाले, आज बरं नाहीये मला. मूठ मिटत नाही.

त्या म्हणाल्या, मग नीट झोप.

फोन ठेवला तर आई गोळी आणि दूध घेऊन उभी. गुडघ्यांचं मी काही बोलले नाही. गोळी तोंडात टाकली, दूध प्यायले, पेला परत दिला. ती हलली नाही. म्हणाली, आ कर.

केला.

जीभ वर कर.

केली.